सात बाय सातची गादी

भावानं टाउनशिपमधलं क्वार्टर सोडलं तेव्हा सगळं सामान रविवारीच हलवलं होतं. कपाट, फ्रिज, शेगडी, कुंड्या, न्हाणीतलं प्लास्टिकचं स्टूलसुद्धा. मागं दोनच गोष्टी राहिल्या. गादी आणि आई.

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, उद्या सुट्टी टाक ना. अकरा वाजता कारखान्याचा इस्टेटवाला ताबा घ्यायला येणार. मी इकडं अडकलोय, नळवाला, लाइटवाला, सगळे उद्याच येतायत. लोडिंगची गाडी सांगून ठेवलीय. गादी आणि आई तेवढी घेऊन ये."

याच क्रमानं म्हणाला. मी शाळेत शिकवते. वाक्यात काय आधी आलं आणि काय मागून, हे माझ्या कानाला आपोआप कळतं. सुट्टीचा अर्ज लिहून ठेवला.

गादीबद्दल सांगायला हवं. सात फूट लांब, सात फूट रुंद, आणि सगळा कापूस मामाच्या शेतातला, रेल्वेनं पोत्यांतून आणलेला. मी तेव्हा सहावीत असेन. जुन्या भोपाळातून पिंजारी आला, मागच्या अंगणात तीन दिवस बसून त्यानं कापूस पिंजला. टाके मात्र आईनं स्वतः घातले, दाभणानं, बोटांना चिंध्या गुंडाळून. पुढच्या खोलीत दोन पलंग मावत नव्हते आणि दोन गाद्या टाकल्या की मधली फट भावाला सापडायची, तो तिथं लोळत जाऊन फरशीवर झोपायचा. म्हणून एकच गादी केली. दाराकडून वडील, मग भाऊ, मग मी, आणि स्वयंपाकघराच्या बाजूला आई. सकाळी दोघांनी मिळून ती घडी करायची आणि ट्रंकेवर चढवायची. दिवसा तोच आमचा सोफा. मी बी.एस्सी. केली ती त्या घडीवर वही ठेवून. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील चौथी, आई अंगठा सोडून जेमतेम सही.

वडील नोकरीत असतानाच गेले. छातीत कळ आली, कारखान्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मग टाउनशिपमध्ये ज्या घरात असं होतं त्या घरात जे होतं ते आमच्याकडंही झालं. तेराव्याच्या आधीच शेजारचे लोक 'अनुकंपा' हा शब्द बोलायला लागले. बापाच्या जागी एकाला नोकरी. ज्याला नोकरी लागेल त्यानं लिहून द्यायचं की मागच्यांचा सांभाळ करीन, आणि बाकीच्यांनी लिहून द्यायचं की आमची हरकत नाही. एक नोकरी, दोन कागद. त्या कागदांवरून सख्खी भावंडं आमच्या गल्लीत एकमेकांच्या दारावरून मान वळवून जाताना मी लहानपणापासून पाहिली होती.

ऑफिसात आम्ही तिघं गेलो. खुर्चीवरच्या साहेबांनी माझी मार्कशीट पाहिली, भावाची पाहिली. भाऊ बारावीत दोनदा बसलेला. साहेब आईला म्हणाले, "अम्मा, बेटी ग्रेजुएट है. क्लर्क में लग जाएगी, उम्र भर कुर्सी पर बैठेगी. लड़के को तो खलासी में लेना पड़ेगा, बोझा उठाएगा. सोच लीजिए."

आईनं सोचलं नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि म्हणाली, "बेटी तो पराये घर की है साहब. लड़का हमको देखेगा."

मी तिथंच उभी होते, तिच्या खांद्याला खांदा लावून. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी ना-हरकतीवर सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, सही स्वच्छ आली.

नंतर मी बी.एड. केलं, परीक्षा दिली, सरकारी शाळेत लागले. कुणाच्या मरणावर नाही, माझ्या स्वतःच्या मार्कांवर. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. आणि हेही सांगते की ती सही मी एक दिवसही विसरले नाही.

त्या सहीनंतर बारा वर्षांनी भावानं करोंदच्या पुढं नव्या कॉलनीत फ्लॅट घेतला आणि वडलांच्या वेळचं क्वार्टर परत करायला काढलं.

सोमवारी मी नऊ वाजता पोचले तेव्हा आई पुढच्या खोलीत, रिकाम्या फरशीवर, घडी केलेल्या गादीला टेकून बसली होती. शेजारी तिची पत्र्याची पेटी आणि एक पिशवी. भिंतींवर कॅलेंडरांचे पांढरे चौकोन राहिले होते. स्वयंपाकघरात भांडंसुद्धा नव्हतं. रात्री काय जेवलीस विचारलं तर म्हणाली, "शेजारणीनं दिलं बाई. चांगली हाय बिचारी."

म्हणजे तिला एका रात्रीसाठी पेल्याशिवाय, ताटाशिवाय ठेवून गेले होते. मी तेही मनात लिहून घेतलं.

पिकअप आली. ड्रायव्हर पन्नाशीचा, पान खाल्लेला. गादीकडं बघून म्हणाला, "दीदी, ये गद्दा है या किसी का खेत उठा लाए?"

उचलायला समोरच्या क्वार्टरमधले काका आले. वडलांबरोबर खलासी होते, रिटायर होऊन पाच वर्षं झालेली, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत होते. आयुष्यभर त्यांनी टनांची यंत्रं हलवली होती आणि खलाशाला कुठलीही वस्तू ही वस्तू दिसत नाही, 'जॉब' दिसतो. त्यांनी गादीभोवती दोनदा फेरी मारली.

"सेंटर इधर है," ते ड्रायव्हरला म्हणाले. "इधर से उठाओगे तो जॉब घूम जाएगा."

"चचा, रुई है. ट्रान्सफॉर्मर नहीं है."

"तू रस्सी पकड़."

त्यांनी ती अशी आवळली की मधून कंबर निघाली. गाठी कारखान्याच्या, ओढल्या की अजून घट्ट होणाऱ्या. आई दारात उभी राहून बघत होती. काका तिच्याजवळ आले, म्हणाले, "वहिनी, आता लेकाच्या महालात चालल्या." ती हसली. काका मात्र माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. टाउनशिपमधल्या म्हाताऱ्यांना या महालांची माहिती असते.

इस्टेटचा माणूस आला. त्यानं खिडक्यांच्या काचा मोजल्या, नळ उघडून पाहिले, होल्डर मोजले. मग आईला म्हणाला, "अम्मा, बाहर आ जाइए, ताला लगाना है." आईनं उंबऱ्याला हात लावला. त्याला दुसरीकडं जायचं होतं, त्यानं कडी ओढलीच. तिचा हात तिनं पटकन मागं घेतला.

केबिनमध्ये आम्ही तिघं. आई मध्ये. टाउनशिपचे सरळ रस्ते संपले, बायपास लागला. ती सारखी मागच्या छोट्या काचेतून गादीकडं बघत होती.

"पडायची नाही वं?"

"काकांनी बांधलीय. गाडी पडेल, गादी नाही पडायची."

"नव्या घरात कुठं टाकतील?"

"विचार त्यांना."

"तू पाह्यलं न घर? खोली हाय म्हणते मले वेगळी."

मी पाहिलं नव्हतं. वास्तूच्या दिवशी आईला क्वार्टर राखायला मागं ठेवलं होतं. मला बोलावलं होतं, मी परीक्षेच्या कामाचं निमित्त सांगून गेले नव्हते. म्हटलं, "असेल." करोंदच्या मंडीपाशी गव्हाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, तिथं अर्धा तास उभे होतो. तेवढ्या वेळात ती तीनदा म्हणाली की खिडकी असली म्हणजे झालं.

बिल्डिंग तीन मजली, भाऊ सगळ्यात वर. लिफ्ट नाही. खाली पार्किंगची फरशी. भाऊ जिना उतरून आला, त्यानं आधी गादी पाहिली.

"अरे, ही खरंच आणली?"

"तूच सांगितलंस. गादी आणि आई."

"हो, पण मग घरात बोलणं झालं..." त्यानं वर पाहिलं. भावजय जिन्यात उभी होती. ती इंदूरची, बोलायला गोड, कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

"ताई, तुम्हीच बघा ना," ती खाली येत म्हणाली. "सगळं फर्निचर नवीन आहे. एवढ्या जुन्या कापसात ढेकूण असतातच. एकदा घरात शिरले की मग जात नाहीत."

ड्रायव्हरनं हात देऊन आईला उतरवलं. तिनं ते ऐकलं होतं. "माह्या गादीत ढेकूण नाहीत सूनबाई. दर उन्हाळ्यात ऊन देतो आम्ही."

"राग नका मानू आई. वरून दिसत नाहीत ते. शिवणीत असतात."

"मंग पाहून घे न."

मला वाटलं, भावजय आता ओशाळून नको म्हणेल. तिनं मोबाइलचा टॉर्च लावला.

काकांच्या गाठी सुटेनात. ड्रायव्हरनं शेवटी दोर कापले, आणि ती गादी पार्किंगच्या फरशीवर पूर्ण उघडली गेली, सात बाय सात. मला ती एवढी मोठी आहे हे त्या दिवशी कळलं. भावजय उकिडवी बसली, केसातली पिन काढली आणि एकेक शिवण पिनेनं उचकून बघायला लागली. आई दुसऱ्या बाजूनं गुडघ्यांवर सरकत तिच्या पुढं पुढं जात होती. "इथं पाह. हा कोपरा पाह. इथंबी पाह." स्वतःचे टाके ती स्वतः ताणून दाखवत होती. तळमजल्यावरची दोन दारं उघडली, बायका येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "क्या हुआ, कुछ गिर गया क्या?" भाऊ म्हणाला, "नहीं नहीं, चेक कर रहे हैं."

चारी बाजू झाल्या. एकही निघाला नाही. भावजय उठली, हात झटकले आणि म्हणाली, "आत्ता तरी दिसत नाहीत."

भावानं माझा दंड धरून मला वर नेलं. "ढेकणांचं सोड ताई. तू जागा बघ." एक खोली त्या दोघांची, एक मुलांची. आईची खोली म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी. मी पावलांनी मोजली, रुंदीला साडेतीन फूट. अडीच फुटी घडीचा पलंग होता आणि त्याच्यावर अजून खोकी होती. खिडकी होती, तीन बाजूंनी खिडक्याच होत्या.

"ही खोकी कधी हलणार?" मी विचारलं.

"तेच म्हणतो मी." तो खाली बघत बोलायला लागला. "असं कर, आईला आठ-पंधरा दिवस तुझ्याकडं ने. गादीपण ने. आम्ही जरा बस्तान बसवतो, मग मी स्वतः येऊन घेऊन जातो."

ते आठ-पंधरा दिवस मला ठाऊक होते. आमच्या गल्लीतली एक आजी अशीच आठ-पंधरा दिवसांकरता पेटी घेऊन मुलीकडं गेली होती. तिचा पुढचा पत्ता आम्हाला कुणी सांगितला नाही.

आता माझ्या घराबद्दल. शिवाजी नगरात आमचं सरकारी क्वार्टर, नवऱ्याच्या नावचं. मागची एक खोली रिकामी. नवरा त्या सकाळीच मला म्हणाला होता, "तिकडं काही कमी-जास्त वाटलं तर सरळ इकडं घेऊन ये त्यांना." हे मी भावाला सांगितलं नाही. म्हटलं, "खाली चल."

आई गादीच्या कडेवर बसली होती, चपला बाजूला काढून. आमच्या पावलांवरूनच तिला कळलं असावं. तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मी वाकले.

"मी तुह्याकडं येऊ का वं?" ती हळू म्हणाली. "कोपऱ्यात पडून राहीन. तुले काई तरास नाई द्यायची."

मुलीच्या घरी आईनं राहू नये असं मानणारी ती बाई. माझ्याकडं कधी आलीच तर दिवे लागायच्या आत परत निघायची. तिनं हे वाक्य म्हणायला आतून किती मोडावं लागलं असेल, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि खरं सांगते, त्या वाक्याची मी बारा वर्षं वाट पाहिली होती. आलं तेव्हा मला गोड लागलं. मग मी म्हटलं, "नाही."

तिला वाटलं मी ऐकलं नाही. तिनं परत विचारलं.

"नाही म्हटलं. कागद कुणाच्या नावानं केलास? त्याच्याकडं राहा."

"तो कागद जुना झाला बाई."

"त्याची नोकरी चालू आहे ना? मग कागदही चालू आहे."

"तवा मले काय समजत होतं."

"सगळं समजत होतं. मी शेजारी उभी होते. बेटी पराये घर की, म्हणालीस. आता परक्या घरी कशाला येतेस?"

मी हळू बोलत नव्हते. दारातल्या बायकांना मराठी किती कळलं देव जाणे, पण त्या आत गेल्या नाहीत. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि तो घेताना तिची बोटं दोनदा चुकली. भाऊ म्हणाला, "ताई, इथं कशाला हे सगळं." मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हरला म्हटलं, "चलिए."

तो गाडीला टेकून उभा होता. "अम्मा नहीं चल रहीं?"

"अम्मा का घर यही है. तीसरा माला."

त्यानं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पेटी आणि पिशवी उतरवून तिच्याजवळ गादीवर ठेवली, एखाद्या देवळात ठेवावी तशी हळूच. भाऊ गाडीच्या दारापाशी धावत आला. "ताई, लोक बघतायत."

"बघू दे."

"गादी तरी घेऊन जा."

"गादी आईची आहे. आई तुझी आहे."

गाडी फिरवली तेव्हा ती बाजूच्या आरशात दिसली. एवढ्या मोठ्या गादीवर ती अगदी कडेला बसली होती, चार माणसांतली स्वतःची जागा धरून. बाकी सगळी गादी मोकळी. भाऊ तिच्याजवळ उभा होता आणि अजून वर, जिन्याकडं बघत होता.

मंडी आली तसा ड्रायव्हरनं वेग कमी केला. मग म्हणाला, "दीदी, बुरा मत मानना. ऐसा तो कोई दुश्मन की माँ के साथ भी..."

"सामने देखकर चलाइए."

त्यानं पान थुंकलं आणि गाडी हबीबगंजच्या रस्त्याला, माझ्या घराकडं वळवली.

अर्ध्या तासात तिला वर नेलं, हे मला संध्याकाळी भावजयीच्या फोनवरून कळलं. तिनं मला सुनावलं, गोड आवाजातच. "ताई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. आमची नवीन जागा, पहिल्याच दिवशी तमाशा झाला." मी म्हटलं, "खोकी हलवली का?" ती म्हणाली, "हलवावीच लागली." मी फोन ठेवला. मला हवं ते झालं होतं. गादी दोन दिवस पार्किंगमध्ये पडून होती, मग पिंजाऱ्याला दिली. तिच्यातून मुलांच्या दोन गाद्या निघाल्या. आईला अडीच फुटांची फोमची, दुकानातली मिळाली.

नवऱ्यानं चार दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलणं ठेवलं. पाचव्या दिवशी विचारलं, "ती खोली कुणासाठी ठेवलीयस?" मी तिथं तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला लागले.

आई त्या गॅलरीत सहा वर्षं राहिली. हाल झाले असं मी म्हणणार नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, उन्हाळ्यात काचांना पडदे. पंधरा दिवसांनी एकदा मी जायचे आणि खरं तर तपासणीलाच जायचे. चादर उचलून बघायचे, डब्यात गोळ्या मोजायचे. भावजयीला ते कळायचं, म्हणूनच सगळं जागच्या जागी असायचं. मी ते माझं यश मानत होते. कुणी विचारलं तर आजही सांगीन की त्या दिवशी मी आईला घेऊन गेले असते तर भाऊ सुटला असता, आणि आयुष्यभर सुटला असता. जे लिहून दिलं ते त्यानं पाळलं, आणि ते मी पाळायला लावलं. यात माझं काही चुकलं असं मला सिद्ध करून दाखवणारा कुणी अजून भेटला नाही.

आई माझ्याशी नीट बोलायची. शाळा कशी आहे, पाय दुखतो का, जावई बरे आहेत का. मी साडी नेली तर "ठेव तिथं" म्हणायची. कधी मागून काही घेतलं नाही. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारपणी माणसाला काही लागत नाही. मग एकदा माझ्यासमोर तिनं नातवाकडं सुपारी मागितली, शेजारणीकडं वातीचा कापूस मागितला, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तू बस, दमली असशील."

शेवटच्या आजारात ती नऊ दिवस वॉर्डात होती. दुपारी मी बसायचे, शाळा सुटली की थेट तिथं. आठव्या दिवशी भाऊ ड्यूटीवर होता आणि भावजय औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेली होती. आईचे ओठ सुकून पांढरे झाले होते, जीभ सारखी टाळूला लागत होती. मी फुलपात्र भरून उठले, एका हातानं तिची मान उचलायला गेले. "पाणी देऊ?"

तिनं डोळे उघडले, मला ओळखलं. मान हलवून नाही म्हणाली. थोड्या वेळानं मी परत विचारलं. परत नाही. तिच्या घशाची हालचाल मला दिसत होती. मी फुलपात्र हातात धरून बसून राहिले. खाली औषधाला गर्दी असावी, भावजयीला यायला वेळ लागला.

ती आली, पिशवी खुंटीला लावली. आईनं तिच्याकडं तोंड वळवलं आणि म्हणाली, "सूनबाई, पाणी दे वं."

भावजयीनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या हातातलं फुलपात्र घेतलं आणि आईच्या ओठांना लावलं. आई ते पुरं पिऊन टाकेपर्यंत थांबली नाही, आणि तिनं आणखी मागितलं.